रंगवलेल्या जुन्या हत्यारपेटीवर पावसाळ्यात परत गंज येतो तेव्हा

मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावरची जुनी लोखंडी हत्यारपेटी खाली काढावी, तारेच्या ब्रशने घासावी, रेड ऑक्साईडचे अस्तर आणि वर इनॅमलचे दोन हात द्यावेत, आणि गणपतीला घर आवरताना पाहावे तर झाकणावर घामोळ्यासारखे फोड आलेले आणि कडांमधून तपकिरी ओघळ उतरलेले असावेत, हा अनुभव कोकणात जुन्या पेट्या जमवणाऱ्या बहुतेकांनी एकदा तरी घेतलेला असतो. मी तो तीनदा घेतला. माझ्याकडची पहिली पेटी चुलत आजोबांची होती. ते मुंबईत गिरणीत फिटर होते, आणि १९८२ चा संप लांबत गेल्यावर कायमचे गावी आले तेव्हा वळकटीबरोबर ही पाच कप्प्यांची, दोन्ही बाजूंना पायऱ्यांसारखी उघडणारी हिरवी पेटी घेऊन आले. तिचा रंग दर पावसाळ्यात फुटायचा आणि दर उन्हाळ्यात मी आदल्या वर्षीपेक्षा महाग रंग आणायचो. चौथ्या वेळी रंग तोच ठेवला आणि रंगाआधी धुण्याचे पाणी बदलले. पुढे सांगितलेल्या एका डागाखेरीज ती पेटी सहा पावसाळे जशीच्या तशी आहे.

त्यानंतर स्वतःच्या, नातेवाइकांच्या आणि मासेमारीच्या बंदरांवरून भंगारात आलेल्या मिळून पन्नासेक पेट्या हाताखालून गेल्या. रंग कमी प्रतीचा म्हणून फुटलेल्या पेट्या त्यांत अगदी थोड्या होत्या. बहुतेकींच्या पत्र्याच्या खड्ड्यांत किंवा दुमडीत मीठ राहून गेलेले होते. म्हणून पुढच्या तपासण्यांचा रोख त्या मिठाकडे आहे, आणि त्यांचा क्रम फुकट होणाऱ्या तपासणीपासून खर्चिक आणि कष्टाच्या कामाकडे जाणारा आहे. घाईने मधल्या पायऱ्या गाळून थेट रंग खरवडायला घेऊ नये, कारण रंग उतरला की लक्षणेही त्याच्याबरोबर जातात.

आधी लक्षणे

पेटी उन्हात आणून सर्व बाजूंनी पाहावी आणि शक्य तर फोनवर फोटो काढून ठेवावेत, कारण दोष कुठे सुरू झाला यावरून त्याचे कारण बरेचसे कळते.

झाकणाच्या किंवा बाजूच्या सपाट भागावर, कडेपासून दूर, मोहरीएवढे ते तुरीच्या दाण्याएवढे फोड असतील तर रंगाखाली मीठ आहे असे समजून चालावे. गंज फक्त दुमडलेल्या कडांतून, रिबिटांभोवतून किंवा बिजागरीच्या मागून ओघळत असेल तर मीठ आणि ओल सांध्यात आहेत आणि सपाट पत्रा बहुधा निर्दोष आहे. ओरखड्यापासून निघून रंगाखाली वाळवीच्या वाटेसारखी नागमोडी रेघ पुढे सरकत असेल तर रंगाला चीर पडून तिथून दमट हवा आणि मीठ आत शिरले आहेत. हा प्रकार दिसायला भीतीदायक असला तरी सहसा उथळ असतो.

गंज फक्त तळाला असेल तर पेटीपेक्षा जमिनीकडे पाहावे. फक्त आतल्या कप्प्यांत असेल तर आत ठेवलेल्या वस्तूंकडे पाहावे. पितळी कडी किंवा कंपनीची पितळी पट्टी यांच्याभोवती गंजाची चौकट उमटली असेल तर दोन धातूंच्या सान्निध्याचा प्रश्न आहे. आणि रंगाचे मोठे पापुद्रे निघून खाली चकचकीत, स्वच्छ पत्रा दिसत असेल तर तिथे गंजाचा संबंधच नाही. जुने ऑईल-ग्रीस न काढता रंग दिलेला असतो, आणि अशा पेटीला पुढचे बहुतेक काही लागत नाही. ती टर्पेंटाईनने आणि मग साबणाच्या पाण्याने नीट धुऊन, पाणी लावून वॉटर पेपरने खरखरीत करून पुन्हा रंगवावी.

एक लक्षण मात्र दोष समजू नये. घासून धुतलेल्या कोऱ्या पत्र्यावर वाळता वाळता जी एकसारखी, फिकट केशरी झाक येते ती उघड्या लोखंडावर दमट हवेत येणारच. ती पॉलिश पेपरच्या दोन हातांत निघते.

मीठ नेमके काय करते

हे थोडक्यात समजून घेतले की पुढच्या तपासण्यांचा हेतू स्पष्ट होतो. गंजासाठी लोखंड, हवेतला प्राणवायू आणि पाणी पुरतात. मीठ या कामाला वेग देते आणि त्यात खर्ची पडत नाही. मिठातला क्लोराईडचा कण एका जागी लोखंड खाऊन झाले की मोकळा होऊन शेजारच्या लोखंडाकडे वळतो. शिवाय मीठ हवेतून ओल खेचते. खाण्याचे शुद्ध मीठ हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते, आणि ते ३३ टक्क्यांच्या आसपासच ओल धरू लागते. आपल्या किनाऱ्यावर हवा त्याहून कोरडी क्वचितच होते, म्हणजे समुद्राचे मीठ असलेला पत्रा बोटाला कोरडा लागला तरी खाली ओलाच असतो. रंगाचा थर पाणी पूर्ण अडवत नाही. खालचे मीठ त्या थरातून पाण्याची वाफ आत ओढून घेते आणि फोड येतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून फोड मग वाढत जातो आणि दुमडलेली कड फुगून उघडते.

पहिली तपासणी: पेटी कुठे ठेवली आहे

हिला पैसा लागत नाही, आणि तळाच्या गंजाच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. जांभा सच्छिद्र दगड आहे. चिऱ्याच्या भिंतीला किंवा जमिनीला पेटी टेकवून ठेवली की पावसाळाभर तो दगड ओल शोषतो आणि पेटीच्या पत्र्याला देत राहतो. पेटी काढल्यावर खालच्या जमिनीवर हात फिरवावा. आजूबाजूपेक्षा ती जागा गार आणि दमट लागली तर पेटीखाली लाकडाच्या दोन पट्ट्या घालाव्यात आणि भिंतीपासून चार बोटे अंतर सोडावे. पूर्वी हत्यारे चुलीवरच्या माळ्यावर ठेवीत ते उगाच नव्हे. तिथली हवा बाराही महिने उबदार आणि कोरडी असायची. आता चूल गेली आणि माळा राहिला, त्यामुळे त्या जागेचा जुना गुण आज गृहीत धरू नये.

याच वेळी शेजारी काय ठेवले आहे तेही पाहावे. फरशी आणि संडास साफ करण्याच्या ऍसिडची बाटली झाकण लावलेली असली तरी तिच्यातून निघणाऱ्या वाफेने दोन-तीन हातांवरच्या लोखंडाला गंज चढतो, कारण ते हायड्रोक्लोरिक ऍसिड असते. विहिरीत टाकण्यासाठी आणलेली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि खताची फुटकी गोणी यांचेही तेच. एका ओळखीच्या गृहस्थांनी तीन पेट्या पुन्हा पुन्हा रंगवल्या होत्या. त्यांच्या पडवीतल्या फळीवर टीसीएलची अर्धी पिशवी होती. ती पिशवी हलवल्यानंतर नवा गंज आला नाही.

दुसरी तपासणी: आत काय आहे

पेटी पूर्ण रिकामी करावी. कप्प्यांच्या तळाशी घातलेले फेल्ट, गोणपाट, वर्तमानपत्र किंवा रबरी चटई काढून टाकावी. हत्यारांचा आवाज होऊ नये म्हणून घातलेली ही अस्तरे ओल आणि मीठ धरून ठेवतात, आणि पत्र्यावर त्यांच्याच आकाराचा गंज उमटतो. बंदरावरून आलेल्या पेटीतले फेल्ट तर फेकूनच द्यावे, ते धुऊन वाचत नाही. कापूर किंवा डांबरगोळ्या ठेवण्याची पद्धत आहे, पण त्या ओल शोषत नाहीत. सिलिका जेलच्या पुड्या शोषतात, मात्र त्या भरल्या की काम थांबवतात. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी त्या तापवून वाळवणार असाल तरच त्यांवर विसंबावे. खोबरेल तेलाचा हात देणारेही पुष्कळ आहेत. ते काही महिन्यांत खवट आणि चिकट होते आणि धूळ धरते. त्याऐवजी मशिनचे पातळ ऑईल किंवा व्हॅसलीनचा अगदी विरळ थर बरा.

दसऱ्याच्या पूजेचा एक डागही इथेच सांगतो. हत्यारांबरोबर पेटीचीही पूजा होते, ओले गंध आणि झेंडूचे फूल रात्रभर झाकणावर राहते, आणि फुलाच्या देठाखाली रुपयाएवढा फोड येतो. माझ्या हिरव्या पेटीवर तो आहे आणि तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. दुसऱ्या दिवशी झाकण पुसून घेतले तर तो येत नाही.

तिसरी तपासणी: फोड फोडून पाहणे

याला एक टाचणी, टिपकागद आणि हातमोजे पुरतात. सपाट भागावरचा एक मध्यम फोड टाचणीने टोचावा आणि त्यावर टिपकागद दाबावा. कागदावर तपकिरी पाणी आले तर मीठ नक्की आहे. पाणी न येता काळपट-तपकिरी भुगा आला तर जुना गंज पूर्ण न काढता रंग दिला गेला आहे, आणि मीठ असेलही किंवा नसेलही. खाली कोरा चकचकीत पत्रा दिसला तर तेलकटपणाचा दोष, ज्याबद्दल वर लिहिले आहे.

इथे एक गंभीर सूचना आहे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये लागू झाला, त्यामुळे जुन्या पेटीच्या रंगात शिसे आहे असेच धरून चालावे. जुन्या पिवळसर प्रायमरमध्ये झिंक क्रोमेटही असू शकते. म्हणून कोरडे घासणे, ग्राइंडर लावणे आणि ब्लोलॅम्पने रंग जाळणे ही तिन्ही कामे करू नयेत. पाणी लावून वॉटर पेपरने घासावे, मास्क लावावा, गाळ वर्तमानपत्रात गोळा करावा आणि माडाच्या आळ्यात किंवा परसात टाकू नये. काम मुलांच्या वावराच्या जागी करू नये आणि त्या वेळचे कपडे वेगळे धुवावेत. काही जुने कारागीर पत्र्यावरचे पाणी जिभेला लावून खारट आहे का ते पाहतात. त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही ही सवय उचलू नये.

चौथी तपासणी: धुण्याचे पाणी

मी तीन वर्षे जिथे अडकलो ती ही पायरी. माझे गाव खाडीच्या काठी आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत विहिरीचे पाणी गोड असते, पण एप्रिल संपता संपता पाणी खाली जाते आणि मचूळ होते, चहा करताना ते कळते. पेट्यांचे काम मात्र सगळे मे महिन्यात करतात, कारण सुट्टी आणि ऊन दोन्ही तेव्हाच असतात. मी पेटी अगदी मनापासून घासायचो, त्या मचूळ पाण्याने भरपूर धुवायचो, कडक उन्हात वाळवायचो, म्हणजे पाणी उडून जायचे आणि मीठ पत्र्याच्या प्रत्येक खड्ड्यात बसायचे. त्यावर मी अस्तर मारायचो.

स्वतःच्या पाण्याची परीक्षा सोपी आहे. स्टीलच्या स्वच्छ ताटलीत एक वाटी पाणी मंद आचेवर आटवावे आणि दुसऱ्या ताटलीत तेवढेच बॅटरीचे पाणी, म्हणजे गॅरेजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मिळणारे डिस्टिल्ड वॉटर, आटवावे. बॅटरीच्या पाण्याची ताटली जवळजवळ स्वच्छ राहते. तुमच्या पाण्याच्या ताटलीत पांढरा थर दिसला तर त्या पाण्याने सुरुवातीचे धुणे करायला हरकत नाही, पण शेवटची दोन धुणी त्याने करू नयेत. बोअरिंगच्या पाण्याचीही हीच परीक्षा घ्यावी. ते गोड लागले म्हणून मीठमुक्त असते असे नाही.

शेवटच्या धुण्यासाठी बॅटरीचे पाणी उत्तम, पण मोठ्या पेटीला ते पुष्कळ लागते. मी जुलैत पावसाचे पाणी धरून ठेवतो. आधी चार-सहा दिवस झड लागून गेलेली असावी, पिंप उघड्यावर असावे, आणि पागोळीचे पाणी शक्यतो घेऊ नये, कारण कौलांवरची धूळ आणि वाऱ्याने आणलेले मीठ त्यात उतरते. असे दोन पिंप झाकून ठेवले की पुढच्या हंगामाच्या चार-पाच पेट्या निघतात.

पाचवी तपासणी: पत्र्यात मीठ उरले आहे का

आता कष्टाचे काम सुरू होते. फोड आलेल्या भागाचा तळहाताएवढा तुकडा पाणी लावून कोऱ्या पत्र्यापर्यंत घासावा, बॅटरीच्या पाण्याने धुवावा, पुसून वाळवावा आणि उघड्या हाताने त्याला शिवू नये, कारण घामातही मीठ असते. मग पेटी एका मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवून शेजारी बॅटरीच्या पाण्यात भिजवलेले फडके ठेवावे आणि वरून प्लास्टिक घट्ट बांधून रात्रभर राहू द्यावे. सकाळी सर्वत्र एकसारखी फिकट झाक असेल तर पत्रा स्वच्छ आहे. मध्येच गडद ठिपके आणि त्यांवर लहान, गोल, तपकिरी थेंब उभे असतील तर त्या प्रत्येक ठिपक्याखाली मीठ आहे. पहिल्यांदा हे थेंब पाहिले तेव्हा मी टॉर्च लावून त्यांच्याकडे बराच वेळ पाहत बसलो होतो. जिथे जिथे आदल्या वर्षी फोड होते, बरोबर तिथेच ते उभे होते.

उपाय सोपा पण वेळखाऊ आहे. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा, या प्रमाणात टब भरून पेटी त्यात दोन दिवस बुडवून ठेवावी, पाणी टाकून नवे भरावे, आणि प्रत्येक वेळी मऊ ब्रशने खड्डे घासावेत. सोड्याच्या अल्कधर्मी पाण्यात लोखंड गंजत नाही आणि गंजात अडकलेले क्लोराईड हळूहळू बाहेर येते, म्हणून साध्या पाण्यापेक्षा हे चांगले. मुंबईहून आलेल्या घरगुती पेटीला सहसा दोन-तीन वेळा पाणी बदलून भागते. ट्रॉलरवर राबलेल्या एका पेटीला मला सात वेळा बदलावे लागले. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन पुन्हा रात्रीची परीक्षा घ्यावी आणि ठिपके आले नाहीत तरच पुढे जावे. ऍल्युमिनियमचे रिबिट किंवा जस्ताचा मुलामा असेल तर हा उपाय करू नये, कारण सोडा त्या दोन्ही धातूंना खातो. मूळ रंग आणि त्यावरची अक्षरे राखायची असतील तर पेटी बुडवूच नये, फक्त खराब झालेला भाग ओल्या कापडाने पुन्हा पुन्हा पुसून घ्यावा. गिरणीचा किंवा गोदीचा जुना छाप असलेली पेटी थोडी गंजकी राहिली तरी चालेल, पण तो छाप एकदा गेला की परत येत नाही, असे माझे मत आहे.

गंज काढण्यासाठी लिंबूफूल किंवा फॉस्फोरिक ऍसिडचा रस्ट रिमूव्हर सपाट, उघड्या भागांवर वापरता येतो, पण नंतर भरपूर धुवावे लागते. कडीची स्प्रिंग मात्र ऍसिडमध्ये टाकू नये, ती ठिसूळ होऊन मोडते. फरशीचे ऍसिड तर कुठेच वापरू नये. ज्या क्लोराईडला घालवायला आपण दोन-दोन दिवस पेटी भिजवतो, तेच ते ऍसिड पत्र्यावर ओतते.

सहावी तपासणी: दुमडी, रिबिट आणि बिजागऱ्या

पेटीची कड पत्रा आत दुमडून केलेली असते. त्या घडीत केसाएवढी फट असते, आणि तीत शिरलेले पाणी उन्हाने निघत नाही. हॅकसॉच्या जुन्या पात्याचा पातळ घासलेला तुकडा फटीत हळूच फिरवावा. तो सहज सरकला आणि कोरडा निघाला तर ठीक. त्यावर ओला, काळा चिखल आला तर घडीत गंज जिवंत आहे. माझ्या हिरव्या पेटीच्या मागच्या कडेतून असा चमचाभर चिखल निघाला होता. त्याला ग्रीसचा आणि खाजणातल्या गाळाचा मिळून एक वास होता, आणि ती कड बाहेरून अगदी सरळ, रंगलेली दिसत होती.

अशा घडीत कोणतेही ऍसिड जाऊ देऊ नये, कारण ते आत गेले की धुऊन बाहेर येत नाही आणि वर्षभर आतून खात राहते. सोड्याचे गरम पाणी इंजेक्शनच्या सिरिंजने घडीत सोडावे, सायकलच्या पंपाने फुंकून काढावे, आणि बाहेर येणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करावे. मग शेवटचे धुणे स्वच्छ पाण्याने. वाळवण्यासाठी पेटी कड खाली करून दुपारच्या उन्हात, हात लावता येणार नाही इतकी तापू द्यावी आणि तापलेली असतानाच पुन्हा पंप मारावा. दोन दुपारी असे केल्यावर टर्पेंटाईनने बराच पातळ केलेला प्रायमर ब्रशने घडीच्या तोंडाशी लावावा, तो फटीत ओढला जातो. फट बाहेरून पुट्टीने किंवा सिलिकॉनने बुजवण्याचा मोह आवरावा. आत थोडीही ओल राहिली असेल तर ती तिथेच कोंडली जाते.

पितळी कडी किंवा नव्याने लावलेले स्टेनलेसचे स्क्रू असतील तर ओल्या मिठात लोखंड त्यांच्यासाठी झिजते. सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर कापून दोन धातूंमध्ये घातले तर बराच फरक पडतो.

सातवी तपासणी: रंग आणि रंगवण्याचा दिवस

इथपर्यंतचे सगळे ठीक असेल तरच रंगाला दोष द्यावा. हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंगवू नये, आणि पत्रा दवबिंदूच्या, म्हणजे हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते त्या तापमानापेक्षा किमान ३ अंश गरम असावा, असा औद्योगिक रंगकामात नेम आहे. आपल्याकडे हा नेम डिसेंबर ते फेब्रुवारीत सकाळी दहानंतर ते दुपारी तीनपर्यंत सहज पाळला जातो. समुद्रावरून जोराचा वारा असेल त्या दिवशी उघड्यावर रंगवू नये, ओल्या रंगावर खारे तुषार बसतात. पत्रा कोरा केला त्याच दिवशी, शक्यतो दोन-तीन तासांत, अस्तर मारावे. धारेवर रंग आपोआप पातळ होतो, म्हणून आधी सर्व कडा, रिबिट आणि कोपरे यांना ब्रशने एक स्वतंत्र हात द्यावा आणि मग पूर्ण पेटीला. रेड ऑक्साईडचे अस्तर नुसते ठेवून पावसाळा काढू नये, ते ओल आत घेते. वर इनॅमलचे किंवा जुन्या पेट्यांना शोभणाऱ्या हॅमरटोनचे किमान दोन हात हवेत. रंग हाताला सुकला तरी आठ-दहा दिवस पेटीत हत्यारे भरू नयेत.

कुठे थांबावे आणि कोणाकडे जावे

घासताना पत्रा टाचणीने भोसकला जात असेल किंवा अंगठ्याने दाबल्यावर आत जात असेल तर घासणे तिथेच थांबवावे. या पेट्या साधारण २० किंवा २२ गेजच्या, म्हणजे ०.९ ते ०.७ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या असतात, आणि त्यातला निम्मा पत्रा गेला असेल तर पुट्टी भरून काही साधत नाही. चांगल्या डेंटरकडून किंवा पत्र्याचे काम करणाऱ्याकडून नवा तुकडा बसवून घ्यावा. मूठ किंवा तिचे रिबिट जिथे बसतात तो भाग पातळ झाला असेल तर पेटी पुन्हा वापरात घेण्याआधी हे काम झालेच पाहिजे. पंधरा किलो हत्यारे भरलेली पेटी हातातून निसटून पायावर पडते तेव्हा रंगाचा विचार सुचत नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर घरी वेल्डिंग करू नये, त्याच्या धुराने ताप येतो.

घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल आणि पेटीवर जुन्या रंगाचे जाड थर असतील तर रंग काढण्याचे काम घरी करूच नये. ब्लास्टिंगला, म्हणजे हवेच्या जोराने वाळूसारखे कण मारून रंग उडवायला, देताना पत्रा पातळ आहे हे आधी सांगावे, नाहीतर झाकणाला पोक येतो, आणि हे काम कोरड्या वाळूने उघड्यावर करणाऱ्याकडे जाऊ नये, ती धूळ फुफ्फुसाला घातक असते. पावडर कोटिंगचा मोह पडतो, परंतु त्याच्या भट्टीत पेटी १८० ते २०० अंशांपर्यंत तापते आणि शिसे-कथलाची झाळ (सोल्डर) १८३ अंशांपासूनच वितळू लागते. जुन्या पेटीचे कोपरे झाळलेले असतील तर ती भट्टीतून सुटी होऊन बाहेर येईल. शिवाय घडीत मीठ असेल तर पावडर कोटिंगखालीही फोड येतात.

झाळ मारून आणलेल्या पेटीबाबत एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. झाळ धरावी म्हणून कारागीर जे पाणी लावतो ते बहुधा झिंक क्लोराईडचे असते, आणि तो ते ओल्या फडक्याने पुसून पेटी हातात देतो. अशी पेटी घरी आल्यावर तशीच रंगवू नये. झाळलेला भाग त्याच दिवशी गरम पाण्याने आणि साबणाने घासून, मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन, टबात बांधून एक रात्र ठेवावा, आणि सकाळी झाळीच्या रेषेवर तपकिरी थेंब दिसले नाहीत तरच अस्तराचा डबा उघडावा.